हाताला कळते

मराठी शिकवण्यात ज्याचे केस पिकत आले, त्याला यंत्रमानवाच्या बोटांसाठी स्पर्शाचे सेन्सर निवडायला सांगणे म्हणजे शाकाहारी माणसाला मासळीबाजारात पाठवण्यापैकीच आहे. पण गेल्या वर्षी मे महिन्यात तो प्रसंग माझ्यावर आला खरा. नारायणगावला दादाच्या ओसरीवर मी चहा घेत होतो. इंजिनियरिंगला असलेल्या पुतण्याने समोर दोन बोटांचा एक यंत्राचा हात ठेवला, तीन पुड्या सोडल्या आणि विचारले, "काका, यातला कोणता बसवू?"

पुतण्यापुढे "मला कळत नाही" असे काकाने म्हणायचे नसते. मी चष्मा सावरला.

पहिल्या पुडीत साधे बटण होते. लागले की नाही, एवढेच त्याला कळते. किती लागले, हे नाही. दुसरीत कागदासारखी पातळ पट्टी. ती जितकी दाबावी तितका तिचा विजेला होणारा विरोध कमी होतो, आणि त्यावरून दाब समजतो. तिसरीत नाण्याएवढी पितळी चकती होती. तिला पीझो म्हणतात. तिच्यावर बोट ठेवून स्वस्थ बसा, ती गप्प. जरा खरडा, की किंचितशी वीज उठते. स्फटिकांचा हा गुण १८८० साली क्यूरी बंधूंनी दाखवला. आपल्या गॅसच्या लायटरची ठिणगी पडते तीही त्याच्याच जोरावर.

मग टोमॅटोवर प्रयोग सुरू झाले. बटण टक्क म्हणेपर्यंत पहिल्या टोमॅटोचा रस ओसरीवर आला होता. पट्टीने कोरडा टोमॅटो छान धरला. ओला मात्र निसटला. पुतण्याने दाब वाढवला, तो कोरडाही फुटला.

"सगळ्यांना चालेल असा एक आकडाच सापडत नाही!" तो वैतागला.

एवढ्यात वहिनी कपबशा न्यायला आल्या. त्यांचे माहेर आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावरचे, म्हणजे बटाट्याच्या मुलखातले. लहानपण बटाट्याच्या मातीत गेले, आणि पुढचे आयुष्य आमच्या टोमॅटोच्या सऱ्यांत. तोड्याच्या दिवसांत त्या वीस-वीस किलोंची कॅरेटं भरत, पण एका फळावर बोटाचा वळ दिसायचा नाही. त्या वहिनींच्या हातून कप सुटला आणि फुटला. कुणीच काही बोलले नाही. हे नवे नाही, हे त्यावरूनच माझ्या ध्यानात आले.

"मनगटात नस दाबली गेलीय," तुकडे गोळा करत त्या म्हणाल्या. "अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झालीत. कळतच नाही हो, भावोजी. म्हणून घट्ट धरते, तर टोमॅटो दबतो. सैल धरला तर सुटतो. ऑपरेशन सांगितलंय, पण म्हटलं, हंगाम होऊ दे."

हा हात पुतण्याने कोणासाठी करायला घेतला होता, हे मला तेव्हा कळले.

"आई, तुला आधी कसं कळायचं किती दाबायचं ते?"

"मी कुठं मोजत होते? सुटायला लागलं की हात आपोआप आवळायचा."

पुतण्या क्षणभर तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने पट्टीशेजारी पीझोची चकती चिकटवली. दाब किती, हे पट्टी सांगणार. निसटू लागले, हे चकती. रात्री अकराच्या सुमारास पहिला ओला टोमॅटो त्या हातात अखंड राहिला.

घरी परतल्यावर मी पुस्तके चाळली. माणसाच्या तळहाताच्या त्वचेत स्पर्शाची बातमी नेणारे सुमारे १७,००० तंतू असतात. ते चार प्रकारचे; काही दाब टिकून आहे तोवर बोलत राहतात, काही बदल झाला तरच बोलतात. म्हणजे निसर्गाने निवड केलीच नाही, दोन्ही ठेवले! स्पर्श ओळखणारी प्रथिने आर्डेम पॅटापूटियन यांच्या चमूने २०१० साली शोधली. २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी. त्या प्रथिनांचे नावही पीझोच. दाब या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ठेवलेले.

पण त्या रात्री ओसरीवर मला झोप आली नव्हती, ती वेगळ्याच कारणाने. जवळच खोडदला ४५ मीटर व्यासाच्या प्रचंड दुर्बिणी उभ्या आहेत. परिसरात त्या एकंदर ३० आहेत. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरची कुजबुज त्यांना ऐकू येते. आणि मी? दर उन्हाळ्यात या घरातून पिशवीभर टोमॅटो नेतो, यंदा भाव काय म्हणून चौकशी करतो. ते तोडणारा हात कसा आहे, हे कधी विचारले नव्हते.

सकाळी म्हणालो, "वहिनी, हंगाम दरवर्षी येतो." दादा खाली पाहत होता. तोड्याला त्याने दोन बायका जास्तीच्या लावल्या, आणि पुढच्याच महिन्यात ऑपरेशन झाले.

दिवाळीला गेलो तेव्हा वहिनी करंज्यांना मुरड घालत होत्या. मुरड जरा वाकडीतिकडी पडत होती, एक करंजी तर तेलात उलगडलीच. "येतंय हळूहळू," अंगठा चोळत त्या म्हणाल्या.

पुतण्याने उत्साहाने आपला यंत्राचा हात ताटापाशी आणला. वहिनींनी तो कोपराने बाजूला सारला.

"आधी टोमॅटो नीट धर म्हणावं."

आणि त्यांनी दुसरी पारी हातात घेतली.