नेवाशाच्या वाटेवर एक कुलूप

नेवाशाला एकदा जाऊन यायचे, असे मी गेली अठरा वर्षे म्हणत होतो. दरवर्षी बी. ए.च्या मुलांना ज्ञानेश्वरी शिकवायची, शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० असे फळ्यावर लिहायचे, ज्ञानदेव ज्याला टेकून बसले त्या पैस खांबाचे नाव घ्यायचे, आणि तो खांब मात्र आपण पाहिलेला नाही, ही लबाडी मनात सलत असे. शेवटी गेल्या मार्गशीर्षात सौ. म्हणाली, "एस.टी.नं जायचं म्हणाल तर आणखी अठरा वर्षं वेळापत्रकच बघत बसाल. फटफटी काढा!"

पण वाचकहो, फटफटी काढणे हे आमच्याकडे एवढे सोपे नाही. आधी हँडलचे कुलूप. मग पुढच्या चाकाच्या डिस्कला लावलेले छोटे कुलूप. हे काढायचे विसरून गाडी पुढे रेटली तर चाक जागीच अडते आणि मालक दिवे ओवाळल्यासारखा गाडीवरून खाली येतो. मी दोनदा आलो आहे. आणि शेवटी साखळी. ती पावणेचार किलोंची आहे, तिला कापडी म्यान आहे, आणि इमारतीच्या खांबाभोवती तिचा वेढा पडलेला असतो. खालच्या मजल्यावरचा एक मुलगा मी गाडी सोडवायला लागलो की मोठ्याने आकडे मोजतो. माझा विक्रम एकशे बारा आहे.

मी असा जन्मतः नव्हतो. सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीतून पहिली फटफटी घेतली तेव्हा आम्ही सदाशिव पेठेतल्या वाड्यात राहत होतो. रात्री दिंडी दरवाजाचा उंबरा ओलांडून ती आत चौकात घ्यायची, असा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा नियम. संध्याकाळी अण्णा मागे बसत, मी त्यांना पर्वतीच्या पायथ्याशी सोडत असे. २०१३ सालच्या श्रावणात एका रात्री पाऊस फार होता, मला यायला उशीर झाला होता, आणि उंबऱ्यावरची फळी भिजून निसरडी झाली होती. म्हटले, एक रात्र राहील बाहेर. हँडलला कुलूप घातले आणि वर जाऊन झोपलो. सकाळी तिथे पावसाने न भिजलेला, गाडीच्या आकाराचा एक कोरडा तुकडा तेवढा होता.

चौकीवर कलम ३७९ खाली नोंद झाली. विमा कंपनीने तपास न लागल्याचा कागद मागितला आणि दोन्ही किल्ल्या मागितल्या. गाडी गेलेली, पण किल्ल्या माझ्या खिशात होत्या. त्या एका पाकिटात घालून देताना मला जे वाटले ते गाडी गेली तेव्हाही वाटले नव्हते. पण खरी गोष्ट पुढे आहे. आठ दिवसांनी अण्णा जेवताना मान खाली घालून म्हणाले, "रात्री मला चाकांचा आवाज आला होता रे. ढकलत नेल्याचा. मला वाटलं तूच आत घेतोयस. मी कूस बदलली."

मी काय बोलणार? चोर गाडी सुरू करीत नाहीत, हँडलला एक लाथ घालून कुलूप मोडतात आणि कोपऱ्यापर्यंत ढकलत नेतात, हे तोपर्यंत मलाही माहीत नव्हते. चूक माझी होती. अण्णांनी ती आपल्या नावावर घेतली, ती घेतलीच. दुसरी फटफटी आली त्या दिवसापासून ते रात्री झोपायच्या आधी काठी टेकीत खाली जात आणि साखळी दोनदा वाजवून पाहत. खळ्, खळ्. मग आम्हा सर्वांना झोप लागे. २०१७ साली ते गेले तोवर एक रात्र चुकली नाही. पुढे वाडाही पाडला.

तेव्हापासून मी साखळ्यांचा अभ्यासक झालो. कॉलेजात मर्ढेकरांवर इतक्या वेळा कोणी काही विचारले नसेल, तितक्या वेळा सहकारी कुलपाबद्दल विचारतात. साखळीची कडी गोल नसावी, चौकोनी किंवा षट्कोनी असावी, म्हणजे कातरीचे पाते नीट बसत नाही. साखळी जमिनीवर लोळू देऊ नये. जमिनीचा आधार मिळाला की घणाचा घावही बसतो आणि कातरीला जोरही मिळतो. नुसत्या पुढच्या चाकातून ओवू नये, चाक सोडून ठेवून बाकीची गाडी नेतात. सांगाड्यातून घ्यावी आणि न हलणाऱ्या वस्तूला बांधावी. कुलपाचे तोंड खाली असावे. लोक साखळीला हजारो रुपये घालतात आणि तिला मारुतीच्या शेपटासारखे बारके कुलूप लावतात. चोर अर्थातच कुलूपच तोडतो. आणि विजेवर फिरणारी दातेरी चकती असली तर यातले काहीच टिकत नाही, फक्त आवाज होतो आणि वेळ जातो. तेवढ्यासाठीच हा खटाटोप.

तर अशी ती साखळी पिशवीत घालून आम्ही पहाटे निघालो. रांजणगाव, शिरूर, सुपे मागे टाकीत नगरला पोहोचलो. या शहराचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, पण पोहे देणारा अजून 'नगरचे पोहे' म्हणतो. भुईकोट किल्ल्यात १९४२ पासून नेहरूंसह देशाचे पुढारी कुलपाआड होते. तिथून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागलो. घोडेगावच्या फाट्यावर कांद्याच्या गोण्यांचे ट्रक उभे होते. तिथून आत पाच-सहा किलोमीटरवर शनिशिंगणापूर. सौ. म्हणाली, "जाता जाता पाहू या." मला त्या गावाची धास्तीच होती. ज्या गावात घरांना दारे नाहीत, त्या गावात पावणेचार किलोंची साखळी घेऊन जाणे म्हणजे उपासाच्या घरी मटणाचा डबा नेण्यासारखे.

वाटेवर दुतर्फा रसवंत्या. लाकडी चरक, त्याला जुंपलेला बैल, आणि गोल गोल फिरणाऱ्या बैलाकडे टक लावून बसलेली मुले. प्रसादाच्या दुकानापुढे गाडी उभी केली. दुकानदाराने तेलाची बाटली पुढे करीत माझ्या हातातल्या साखळीकडे पाहिले आणि हसला.

"सर, ती राहू द्या पिशवीत. इथं काही जात नाही."

मी ओशाळून साखळी आत ठेवली. तेवढ्यात तो पुन्हा म्हणाला, "हेल्मेटं मात्र आत द्या. येणारी माणसं काही आमच्या गावची नसतात."

हे वाक्य मला फार आवडले. या गावाची सगळी गोष्ट त्यात आहे. पानसनाल्याच्या पुरात ही काळी शिळा वाहत आली, गुराख्याने काठी टोचली तर रक्त आले, आणि स्वप्नात येऊन शनिदेवाने सांगितले की मला छप्पर नको, गावाची राखण मी करीन. अशी कथा सांगतात. देव तसा आजही उघड्यावर उभा आहे, साडेपाच फुटांच्या आसपास उंच. २०१६ साली उच्च न्यायालयाच्या निकालानंतर चौथऱ्यावर स्त्रियांनाही जाता आले. २०११ साली इथे बँकेची शाखा निघाली, तिला काचेचे दार आणि डोळ्यांना सहज न दिसणारे विजेचे कुलूप बसवले. म्हणजे श्रद्धाही राखली आणि रोकडही. याला कोणी ढोंग म्हणेल. मी म्हणणार नाही. मला त्या बँकेच्या मॅनेजरची अडचण आतून समजते. चोरीच्या तक्रारी मधूनमधून इथेही झाल्या आहेत, आणि २०१५ मध्ये पोलीस ठाणेही आले.

रांगेत उभा असताना माझे लक्ष शिळेकडे नव्हते. पुढचा माणूस डोळे मिटून पुटपुटत होता, मी गाडीचा नंबर आठवत होतो. सौ. हळूच म्हणाली, "जाऊन बघून या हवं तर." मी गेलो नाही. याचे श्रेय भक्तीला नाही, मागच्या गर्दीला आहे.

परतताना गावात एक चक्कर मारली. एका घराला सागवानी चौकट होती, बिजागरीची जागा कोरी, मधे फुलाफुलांचा पडदा. आजीबाई उंबऱ्यावर मेथी निवडीत होत्या. सौ.ने विचारले, "आजी, लग्नाकार्याला गेलात तर घर असंच?"

"असंच. कुत्रं शिरू नये म्हणून फळी लावते."

"भीती नाही वाटत?"

"कशाची?" आजी म्हणाल्या, "तुमच्याकडं किल्ली हरवली की घरात कसं शिरता गं?"

सौ. माझ्याकडे पाहायला लागली. मागल्या वर्षी याच कारणावरून आम्ही दोन तास जिन्यात बसलो होतो.

गाडी जागच्या जागी होती. शेजारी एक शेळी बसली होती, एवढाच फरक.

दुपार कलताना नेवाशाला पोहोचलो. खांबाभोवती आता मंदिर आहे. अठरा वर्षे ज्याबद्दल बोललो तो दगड समोर आला तेव्हा मला एकही ओवी आठवली नाही. मी नुसता हात लावला. थंड होता. मग आम्ही प्रवरेच्या काठी अंधार पडेपर्यंत बसलो.

मुक्कामाच्या जागी पोहोचल्यावर मात्र माझे डोळे दुसरेच काही शोधू लागले. ज्ञानदेवांना या गावी टेकायला खांब लागला; मला साखळी अडकवायला. ओसरीला एक लोखंडी मिळाला. सांगाड्यातून साखळी ओवली, तोंड खाली करून कुलूप लावले. सौ. बघत होती, पण काही बोलली नाही.

रात्री एकदा जाग आली. कुठेतरी चाकांसारखा आवाज झाला, किंवा झाला असे वाटले. अंगावर शाल घेऊन बाहेर आलो. ओसरीवर चांदणे होते, गाडी उभी होती. मी वाकलो आणि साखळी वाजवली. खळ्, खळ्.

आतून सौ.चा झोपेतला आवाज आला, "आहे ना?"

"आहे," मी म्हटले, "झोप तू."