अण्णांची बैठक

आमच्या वडिलांना सगळं गाव अण्णा म्हणायचं, म्हणून आम्ही पोरंही अण्णाच म्हणायचो. तीन एकर रान, दोन बैलं आणि एक जुनी सतार, एवढा त्यांचा संसार. सतार मिरजेच्या सतारमेकरांकडून आणलेली. मिरज आमच्या गावापासून अडीच कोसांवर. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला गाणं होतं. तरुणपणी अण्णा ते ऐकायला चालत जायचे. रात्रभर जमिनीवर मांडी घालून ऐकायचं आणि दिवस उगवताना रानात हजर. तिथंच त्यांना हा नाद लागला.

पहाटे धारा काढायच्या आधी ते सोप्यात बसायचे. सारवलेल्या जमिनीवर घोंगड्याची चौघडी. घोंगडं खरखरीत, त्यामुळं माणूस घसरत नाही. डावा पाय दुमडून तळवा वर घ्यायचा, त्यावर सतारीचा भोपळा टेकवायचा. उजवा गुडघा डाव्यावरून पलीकडं. दांडी उजव्या मांडीवर. मला दाखवताना म्हणायचे, "सतार डाव्या हातानं धरायची न्हाय. त्यो हात पडद्यावर मोकळा पळाय पायजे. तोल धरायचा पायानं आन् उजव्या कोपरानं." तार आडवी ओढून मींड काढताना सतार जागची हलली, तर सूर हाताला लागत नाही. म्हणून बैठक पक्की हवी.

1979 साली कडब्याची गंज रचताना अण्णा वरून खाली आले. डावा गुडघा गेला. दीड महिना प्लास्टर. ते निघालं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, चालाल, बैलं हाकाल, पण मांडी घालायची नाही. अण्णांनी मान हलवली. घरी आले आणि सतारीला गवसणी घालून ती खुंटीला अडकवली. जेवायला ते उंबऱ्याजवळच्या पोत्यावर पाय लांब करून बसत. पंगतीला जाणं त्यांनी बंद केलं. पहाटे सोपा मुका झाला. आईला सतारीचं कधी फारसं कौतुक नव्हतं, पण तीच एक दिवस म्हणाली, "अवो, तारा गंजून जातील. बसा की कशावर तरी."

मग कशावर बसायचं, याचा शोध सुरू झाला. पहिल्यांदा बाजलं. सुंभ मधोमध खाली गेलेलं, अण्णा त्यात रुतले. पाठीला पोक आलं आणि दांडी छातीशी आली. जोंधळ्याच्या पोत्यांची थप्पी लावली, तर आतले दाणे सरकायचे आणि भोपळा कलंडायचा. शाळेच्या मास्तरांची खुर्ची मागून आणली. तिला हात होते. उजव्या बाजूचा हात भोपळ्याला आडवा आला, डाव्या बाजूला दांडी आपटली. अण्णांनी खुर्ची तशीच परत पाठवली. "साहेबाची वस्तू हाय. आपल्या कामाची न्हाय."

एका पहाटे ते सहज ओट्याच्या कडेला टेकले, पाय खाली सोडून. मी सतार आणून दिली. भोपळा उजव्या कुशीला ओट्यावरच ठेवला, दांडी मांडीवर घेतली, आणि सहा महिन्यांनी घरात तार वाजली. पण ओटा पडला रस्त्यावर. रानाकडं निघालेला प्रत्येक माणूस थांबायचा, "काय अण्णा, बरं हाय का पायाला?" रियाज राहायचा बाजूला, गुडघ्याचीच कथा चालायची. वर दिवस चढला की ऊन थेट भोपळ्यावर. तो वाळलेला भोपळाच, उन्हानं तडकायला वेळ लागत नाही.

अण्णांनी सुतळी घेतली. ओट्याच्या कडेपासून पायरीपर्यंतचं अंतर मोजलं, गाठ मारली आणि ती सुतळी सुताराकडं दिली. आंब्याची फळी, बाभळीचे पाय, दोन हात लांब, सव्वा हात रुंद, पाठ नाही, हात नाहीत. सुतारानं चार पायली जोंधळे घेतले. बाकडं सोप्यात तुळईखाली ठेवलं, तेच घोंगडं वर आलं. दांडी नीट पेलायला मांडी जरा उंच हवी, म्हणून उजव्या पायाखाली जेवायचा पाट. राहिला भोपळा. तो गुळगुळीत, फळीवर ठरेना. चिंध्या लावून पाहिल्या, तरी मींड ओढली की फिरायचाच. आई पाण्याला निघाली होती. तिनं डोक्यावरची चुंबळ काढली, फळीवर ठेवली आणि म्हणाली, "ह्येच्यावर ठेवा. भरल्याली घागर हलत न्हाय, ह्यो भोपळा काय हलतोय?"

हलला नाही. अण्णांनी खुंट्या पिळल्या. गंजलेली एक तार तटकन तुटली, ती बदलली. हात जड झाला होता, पहिल्या दिवशी बोटं सोलली. पण पाठ ताठ होती आणि डोळे मिटलेले होते. आई त्या दिवशी पदराचीच चुंबळ करून पाण्याला गेली.

पुढं ते पंगतीलाही जाऊ लागले. बाकडं न्यायचे नाहीत, भिंतीकडंला उपडी पाटी घालून बसायचे. त्यांची लाज गेली होती. मला मात्र त्यांनी बाकड्यावर कधी बसू दिलं नाही. शिकवताना ते वर, मी खाली घोंगड्यावर. "तुझं गुडघं हाईत तंवर भुई सोडू नको," म्हणायचे. त्या बाकड्यावर त्यांनी सोळा वर्षं वाजवलं. आईनं दर दिवाळीला जुन्या लुगड्याची नवी चुंबळ करून दिली.

आता माझीही साठी उलटली. गेल्या पावसाळ्यापासून मांडी घातली की डावा पाय बधिर होतो. बाकडं माळ्यावर होतं, ते खाली काढलं, पुसलं. उंची मला बरोबर येते.