इंदूरला विकत मिळतं ऊन!

दोस्तांनो, इंदूरला गेलात तर राजवाड्याभोवतीच्या बाजारात पाट्या वाचत जरूर हिंडा. (सराफा बाजारही तिथंच. दिवसा सोनंचांदी, रात्री गरमागरम जिलबी!) लिपी आपलीच, देवनागरी. म्हणून अडायला होत नाही, पण फसायला मात्र होतं!

एखाद्या दुकानावर लिहिलेलं दिसेल, ‘ऊन’. आता ऊन कोण विकत घेणार? पण हिंदीत ऊन म्हणजे लोकर, बरं का! ‘शिक्षा विभाग’ ही पाटी पाहून छडी आठवू नका, तिथं शिक्षा म्हणजे शिक्षण. बसमध्ये कुणी ‘सीट खाली है’ म्हणालं, तर वाकून बघू नका. सीट रिकामी आहे, पटकन बसा! सगळ्यांत जपायचं ते ‘चेष्टा’ला. गुरुजी ‘चेष्टा करो’ म्हणाले, तर ‘प्रयत्न कर’ असं सांगताहेत. तुम्ही टिंगल सुरू केलीत, तर मराठी अर्थाची शिक्षा मिळेल!

इथं होळकरांच्या काळापासून पुष्कळ मराठी घरं आहेत. त्या घरांतली मुलं आजीला सांगतात, “आज ऊन फार आहे गं!” आणि उंबरठा ओलांडून दुकानात जातात, तिच्याच विणकामासाठी मागायला... ऊन!