तांदू

आमच्या घरातला ‘तांदू’ हा शब्द यंदा रोवणीच्या दिवसांत गेला. उणंपुरं आठ महिन्यांचं आयुष्य त्याचं. गेला त्या दिवशी कुणाच्या लक्षातही आलं नाही. लेकीनं पाहुण्यांना गावाचं नाव चारही अक्षरं पुरी म्हणून सांगितलं, ‘लाखांदूर’, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

तो आला होता दिवाळीनंतर, मंडईच्या, म्हणजे इकडच्या गावजत्रांच्या हंगामात. लेक तेव्हा दोन वर्षांची. ‘कुठली गं तू?’ असं कुणी विचारलं की ती छातीवर हात ठेवून सांगायची, ‘तांदू’. पहिला ‘ला’ तिनं सोडूनच दिला होता. ‘खां’साठी जीभ मागे न्यावी लागते, तिथं तिनं दातांजवळचा ‘तां’ बसवला. शेवटचा ‘र’ गिळला. आणि माझी माय अंगणात सूप घेऊन बसली, की ही शेजारी फतकल मारायची, सुपात मूठ खुपसायची आणि बोटांतून दाणे गळू देत म्हणायची, ‘तांदू’. गाव आणि तांदूळ, दोघांना एकच शब्द. वैनगंगा आणि चुलबंदीच्या काठच्या या मुलखात, जिथं दारापासून नजर टाकावी तर भाताच्या बांध्याच बांध्या दिसतात, तिथं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे तिला कुणी आणि कशाला सांगायचं?

‘तांदू’बरोबर आणखीही शब्द गेले. गाडीची ‘दादी’ गेली, कोंबड्याचा ‘तोंबा’ गेला, ‘ताता’चा काका झाला. बहुतेक मुलांच्या तोंडी आधी ओठांवरचे प, ब, म येतात. जिभेच्या मुळाशी होणारे क, ग थोडे उशिरा, आणि र, ळ तर पार शेवटी. जगभरची मुलं थोड्याफार फरकानं हाच रस्ता चालतात. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना त्यांनी हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. बाळांना दोन्ही वेगळे कळत होते. वर्षाची होईतो बहुतेकांच्या कानातून तो फरक पुसला गेला. म्हणजे पहिला शब्द तोंडातून निघण्याआधीच लेकरू काही ना काही मागे टाकत आलेलं असतं. हे वाचलं तेव्हा थोडं बरं वाटलं. फार नाही.

कारण ‘तांदू’ आपल्या मरणानं गेला, असं मला म्हणता येत नाही.

माझी माय इकडची झाडीबोली बोलते. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीच्या अभ्यासाला आयुष्य दिलं. तिच्यात ण नाही, श नाही, ळ नाही, हे त्यांच्यासारख्यांनी लिहून ठेवलं म्हणून आम्हाला कळलं. एरवी आम्ही त्याला अडाणी बोलणंच समजत आलो. मायच्या तोंडी पाणी ‘पानी’ असतं, डोळा ‘डोरा’ असतो आणि तांदूळ ‘तांदूर’. लाखांदूर, तांदूर. तिच्या बोलीत गाव आणि दाणा यांचा असा जोड जुळतो. लेकीनं दोघांना एका नावात बसवलं ते आजीच्या मांडीवर बसून ऐकलेल्या त्या सुरातून, असं मला आता वाटतं. तेव्हा कळलं नाही. मी तिला जवळ घेऊन ‘ळ’ शिकवत होतो. जीभ वर उचल, मागे वळव, म्हण, तांदूळ. पुढं शाळेत जाईल, लोक हसतील, ही धास्ती माझी होती. मी स्वतः ते हसणं ऐकलेलं आहे. पण हे सारं मायच्या समोर चाललं होतं, आणि त्या दिवसांपासून ती नातीशी बोलताना अडखळू लागली. तांदूर म्हणायच्या आधी थांबायची. कधी ‘हे’ म्हणून सुपाकडं बोट दाखवायची. सत्तरी ओलांडलेली बाई, आपल्याच अंगणात.

‘तांदू’चा एकच ठसा उरला आहे, माझ्या फोनमध्ये, जेमतेम अकरा सेकंदांचा. मागं मंडईतल्या भोंग्याचा आवाज आहे, सुपाची सरसर आहे. लेक म्हणते, ‘तांदू’. लगेच माझा आवाज येतो, ‘तांदूळ म्हण बाळा, तांदूळ.’ ती परत म्हणते, ‘तांदू’. सूप थांबतं. आणि दुरून, हळू, मायचा आवाज येतो:

‘राहू दे ना रे बाबू. बोलते तं बोलू दे तिले.’