परत आलेली गाडी

२ एप्रिल २०२२. सकाळी शेजारच्या घरांवर गुढ्या उभ्या होत्या आणि संध्याकाळी आम्ही रमजानचा चाँद बघायला नागपुरातल्या आमच्या घराच्या गच्चीवर चढलो होतो. चाँद दिसला, एकमेकांना मुबारकबाद देऊन झाली आणि बायका सेहरीच्या तयारीसाठी खाली गेल्या. मी आणि अब्बा वरच थांबलो. पावणेआठच्या सुमारास आभाळातून जळत्या निखाऱ्यांची एक रांग सरकत गेली. घाई नाही, आवाज नाही. गल्लीतली पोरं ओरडायला लागली. कुणी म्हणालं उल्का, कुणी म्हणालं विमान पेटलं. युक्रेनचं युद्ध नुकतंच सुरू झालं होतं, त्यामुळे क्षेपणास्त्राचीही चर्चा झाली. अब्बा कपाळावर हात धरून शेवटपर्यंत बघत राहिले आणि म्हणाले, "हे काहीतरी तुटून खाली येतंय."

दुसऱ्या दिवशी बातमी आली. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात मोकळ्या जागेवर धातूची भलीमोठी रिंग पडली होती. व्यास जवळपास तीन मीटर. आसपासच्या भागात धातूचे गोळेही सापडले. अभ्यासकांनी हिशेब मांडला, तेव्हा हे अवशेष फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या 'लाँग मार्च ३बी' रॉकेटच्या वरच्या टप्प्याचे असावेत असं दिसलं. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही.

अब्बांनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, "एवढी महागाची वस्तू बनवली, मग ती परत आणायची सोय का नाही केली?"

प्रश्न अडाण्याचा नव्हता. अब्बा एस.टी.त फिटर होते. तीस वर्षं त्यांनी परत आलेल्या गाड्या पाहिल्या होत्या. रात्री गाडी डेपोत येते, खड्ड्यावर उभी राहते, खाली उतरून फिटर एकेक नट हाताने तपासतो, ब्रेकचं लायनर बघतो, आणि पहाटे तीच गाडी दुसऱ्या गावाला निघते. अब्बा म्हणायचे, "गाडी परत आली म्हणजे काम संपलं नाही, आता सुरू झालं." नागपूरहून चंद्रपूरला गेलेली एस.टी. प्रवासी उतरवून तिथेच दरीत ढकलून द्यायची आणि दुसऱ्या दिवसासाठी नवी बांधायची, असा कारभार कुणी केला असता तर तिकीट किती झालं असतं? अंतराळाच्या धंद्यात कित्येक दशकं हेच चाललं होतं. रॉकेटच्या एकूण खर्चात इंधनाचा वाटा अगदी थोडा असतो. खरा पैसा जातो तो इंजिनांत आणि टाक्यांत, आणि तेच एका उड्डाणानंतर समुद्रात जायचं.

अब्बांना उत्तर द्यायचं म्हणून मी वाचायला लागलो आणि त्यात गुंतत गेलो.

परत आणायचा प्रयत्न आधी झाला नव्हता असं नाही. अमेरिकेचं स्पेस शटल १९८१ ते २०११ या काळात १३५ वेळा उडालं आणि विमानासारखं धावपट्टीवर उतरत राहिलं. पण प्रत्येक फेरीनंतर त्याची हजारो उष्णतारोधक फरशांची तपासणी आणि इंजिनांची उठाठेव यात महिनोन् महिने जात. गाडी परत यायची, पण पहाटे निघायची नाही. १९८६ मध्ये 'चॅलेंजर' आणि २००३ मध्ये 'कोलंबिया' अशी दोन यानं आणि चौदा माणसं गेली. कोलंबियात कर्नालची कल्पना चावला होती. नुसतं परत येणं पुरेसं नाही, परत जाण्याच्या लायकीचं राहणं हा खरा प्रश्न आहे. हे मी अब्बांना सांगितलं तेव्हा ते फक्त हसले. त्यांना ते आधीपासून ठाऊक होतं.

दुसरा रस्ता 'स्पेसएक्स' या खासगी कंपनीने धरला. इलॉन मस्क यांनी ती २००२ मध्ये सुरू केली. तिचं पहिलं छोटं रॉकेट 'फाल्कन १' प्रशांत महासागरातल्या एका बेटावरून उडायचं. २००६ मध्ये पडलं. २००७ मध्ये पडलं. ऑगस्ट २००८ मध्ये दोन टप्पे वेगळे झाल्यावर खालचा टप्पा उरल्यासुरल्या जोरावर पुढे सरकला आणि वरच्याला धडकला. तिसरं अपयश. पैसे संपत आले होते. तरी दोन महिन्यांच्या आत, २८ सप्टेंबर २००८ रोजी, चौथं रॉकेट कक्षेत पोहोचलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नासाने कंपनीला अंतराळ स्थानकावर सामान पोहोचवण्यासाठी १६० कोटी डॉलरचं कंत्राट दिलं. खासगी अंतराळयुगाच्या गोष्टी ऐकताना हे कंत्राट विसरू नये. त्या धाडसामागे सरकारी तिजोरीही उभी होती.

मग 'फाल्कन ९' आलं. याच्या पहिल्या टप्प्याला नऊ इंजिनं असतात. हा टप्पा दहा-बारा मजली इमारतीएवढा उंच असतो. दुसऱ्या टप्प्याला वर ढकलून तो वेगळा होतो, तेव्हा त्याचा वेग ताशी काही हजार किलोमीटर असतो. तिथे तो वायूच्या झोतांनी पाठ फिरवतो, वाचवून ठेवलेल्या इंधनावर इंजिनं पुन्हा पेटवतो, जाळीदार पंखांनी दिशा धरतो आणि अगदी शेवटी चार पाय उघडतो. गंमत अशी की टाक्या जवळपास रिकाम्या झाल्यावर टप्पा इतका हलका होतो की एकाच इंजिनाचा कमीत कमी जोरसुद्धा त्याला परत वर उचलू शकतो. म्हणून हवेत थांबून, अंदाज घेऊन, सावकाश टेकायची सोयच नाही. जमीन येते त्याच क्षणी वेग शून्य व्हायला हवा. आधी झाला तर टप्पा पुन्हा वर जाईल, नंतर झाला तर आपटेल.

तो आपटलाच, आणि अनेकदा. जानेवारी २०१५ मध्ये पंख हलवणारं हायड्रॉलिक तेल संपलं आणि टप्पा समुद्रातल्या तराफ्यावर आदळला. एप्रिलमध्ये उतरला, पण कलंडला. जूनमध्ये तर सामान घेऊन निघालेलं अख्खं रॉकेटच हवेत फुटलं. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात, अकरा उपग्रह सोडून, एक टप्पा फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर सरळ उभा राहिला. एप्रिल २०१६ मध्ये दुसरा एक टप्पा समुद्रातल्या तराफ्यावर उतरला, आणि ३० मार्च २०१७ रोजी तोच टप्पा पुन्हा उपग्रह घेऊन उडाला. त्या दिवशी एस.टी.चं गणित अंतराळात लागू झालं. आज काही टप्पे तीस-तीस वेळा जाऊन आले आहेत. २०२४ या एका वर्षात फाल्कन रॉकेटांची १३० हून जास्त उड्डाणं झाली. जून २०२५ मध्ये आपला शुभांशू शुक्ला याच रॉकेटावर बसून अंतराळ स्थानकात गेला.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. २०१७ मध्ये कंपनीने आपल्या आपटलेल्या, फुटलेल्या, कलंडलेल्या सगळ्या रॉकेटांची एक गमतीदार चित्रफीत स्वतःच जगासमोर ठेवली. मी ती एकट्याने बघितली आणि मला हसू आलं नाही.

त्याचं कारण सांगतो. बारावीनंतर मी इंजिनीअरिंगला गेलो होतो. पहिल्याच वर्षी तीन विषयांत नापास झालो. पुन्हा बसायचं तर वर्षाची फी आणि खोलीचं भाडं लागणार होतं. पाठीमागे दोन बहिणींची लग्नं होती. अब्बा म्हणाले, "बस झालं बेटा, डी.एड. कर." मी केलं. शिक्षक झालो, मराठी शिकवतो, त्यात सुखी आहे. अब्बांवर माझा राग नाही. पण ज्या माणसाने आयुष्यभर बंद पडलेली इंजिनं पुन्हा चालू केली, त्याच्याकडे स्वतःच्या मुलाला पुन्हा उडवण्याएवढं इंधन उरलं नव्हतं, हे मला त्या चित्रफितीपाशी कळलं. नापास होणं सगळ्यांच्या वाट्याला येतं. नापास होऊन परत उभं राहायला मात्र गाठीला काहीतरी लागतं. मस्ककडे पैसा होता, नासाचं कंत्राट होतं. आमच्याकडे एक पगार होता.

हे सगळं आज लिहायला माझा भाचा कारण झाला. तो मेकॅनिकल इंजिनीअर आहे. हैदराबादच्या एका छोट्या खासगी रॉकेट कंपनीत त्याला नोकरी मिळते आहे. दुसरीकडे बँकेच्या परीक्षेची तयारीही झाली आहे. त्याने मला फोन केला, "मामू, अम्मी को समझाओ ना."

मी आपाकडे गेलो. ती माझी मोठी बहीण. तिने चहा ठेवला आणि मी काही बोलण्याआधीच म्हणाली, "कंपनी बुडाली तर? बाकीच्यांच्या पोरांना दुसरी नोकरी मिळते. आपल्या पोराला आधी नाव विचारतात, मग घर कुठे ते विचारतात. आपल्या पोरांना दुसरी संधी नसते रे." मी तिला खोटं ठरवू शकलो नाही. मोठ्या शहरात भाड्याची खोली शोधताना नाव सांगितल्यावर फोनवर पडणारी शांतता मी स्वतः ऐकली आहे.

तिच्या बैठकीत अब्दुल कलामांचा फोटो आहे. आपल्याकडे खूप घरांत असतो. शाळेतही आपल्या मुलांना सारखं सांगितलं जातं, कलामांसारखा हो. त्यात कौतुक असतं, आणि कधीकधी अशी अटही असते की कलाम झालास तरच तुझी जागा पक्की. पण कलामांचं १० ऑगस्ट १९७९ कुणी सांगत नाही. त्या दिवशी त्यांच्या नेतृत्वाखालचं एसएलव्ही-३ हे रॉकेट उड्डाणानंतर पाचेक मिनिटांत बंगालच्या उपसागरात कोसळलं. पत्रकार जमले होते. इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन यांनी कलामांना पुढे केलं नाही. ते स्वतः बसले आणि जबाबदारी आपल्यावर घेतली. पुढच्या वर्षी १८ जुलैला तेच रॉकेट यशस्वी झालं, तेव्हा धवन म्हणाले, आज पत्रकारांशी तुम्ही बोला. कलाम ही आठवण पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

मी आपाला हे सांगितलं. कलाम घडले त्यात कलामांची मेहनत होतीच. पण त्या दिवशी त्यांच्यापुढे कुणीतरी उभं राहिलं होतं.

तिला मी खोटी स्वप्नंही दाखवली नाहीत. आपल्या देशात खासगी रॉकेटांचा उद्योग लहान आहे. हैदराबादच्या 'स्कायरूट'चं 'विक्रम-एस' नोव्हेंबर २०२२ मध्ये उडालं, पण ते कक्षेत जाणारं नव्हतं. चेन्नईच्या 'अग्निकुल'चं चाचणी उड्डाण चार वेळा रद्द झालं आणि ३० मे २०२४ रोजी पाचव्या खेपेला झालं. इस्रोने 'पुष्पक' हे पंखांचं यान चित्रदुर्गजवळ हेलिकॉप्टरमधून सोडून तीनदा धावपट्टीवर उतरवलं आहे, आणि ज्याचा पहिला टप्पा परत येईल अशा नव्या रॉकेटाला केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. म्हणजे काम आहे. पण या धंद्यात कंपन्या बुडतातही.

आणखीही काळज्या आहेत. रॉकेट स्वस्त झालं म्हणून एकाच कंपनीने हजारो उपग्रह आभाळात सोडले आहेत. आभाळ सगळ्यांचं असताना त्यातला रस्ता एका श्रीमंत माणसाच्या मर्जीवर चालावा, हे मला पटत नाही. आणि लाडबोरीचा प्रश्नही अजून सुटलेला नाही. फाल्कनचा खालचा टप्पा परत येतो, वरचा अजूनही येत नाही, आणि लाडबोरीत पडलं ते वरच्याच टप्प्याचं होतं. 'स्टारशिप' या नव्या रॉकेटाचे दोन्ही टप्पे परत आणायचा प्रयत्न चालू आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचा खालचा टप्पा मनोऱ्याच्या दोन हातांनी हवेतच झेलला गेला. पण जोवर सगळ्यांची रॉकेटं पूर्ण परत येत नाहीत, तोवर कुणाच्या तरी गावावर काहीतरी पडायची भीती राहणार. हे काम करायला लाडबोरीच्या बाजूने विचार करणारी पोरंही लागतील. खड्ड्यात उतरून एकेक नट तपासणाऱ्या माणसाचा नातू तिथे असला तर मला बरं वाटेल.

आपा बराच वेळ गप्प होती. चहा गार झाला. मग तिने एकच विचारलं, "आणि दोन वर्षांनी तो काही न होता परत आला तर? लोकांना काय सांगायचं?"

मी म्हणालो, "तेव्हा लोकांशी मी बोलेन. तू फक्त त्याला जेवायला वाढ."

ती हसली नाही, हो म्हणाली नाही. उठून गार झालेला चहा परत गॅसवर ठेवला. तीन दिवसांनी भाच्याचा फोन आला. पुढच्या महिन्यात तो हैदराबादला जातो आहे. आपाने बँकेची पुस्तकं रद्दीत दिलेली नाहीत, कपाटात ठेवली आहेत. असू देत. परत यायचा रस्ता उघडा आहे म्हणूनच तर जायचं धाडस होतं.

अब्बा आज नाहीत. ते असते तर म्हणाले असते, पोरगा परत आला की आधी त्याला खड्ड्यावर घ्या, काय झिजलंय ते बघा, आणि पहाटे परत सोडा.