शाखेला मार्क केलेलं टपाल

प्रिय आत्या,



परवा जेवताना तू विचारलंस, "दिवसभर संगणकापुढे बसून तू नेमकं करतेस तरी काय?" मी म्हटलं, "वर्कफ्लो." तू "बरं" म्हणून आमटी वाढलीस, तेव्हाच कळलं की उत्तर पोचलं नाही. रात्री लक्षात आलं, हेच काम तू तहसील कचेरीत तीस वर्षं केलंस. तुझ्याकडे बारनिशी होती, माझ्याकडे सॉफ्टवेअर आहे, इतकंच.

टपाल आलं की बारनिशीत नोंद व्हायची आणि साहेब मार्क करायचे. कधी नावानिशी, कधी नुसतं शाखेला. आमच्याकडेही हेच दोन प्रकार. कॅमुंडा, फ्लोएबल अशा प्रणालींत काम एकाच्या नावावर टाकलं, तर तो त्या कामाचा 'असायनी'. गटाला टाकलं, तर तो 'कँडिडेट ग्रुप'. गटातल्या पाचही जणांना ते काम दिसतं, पण असतं कुणाचंच नाही. नवी माणसं इथेच गोंधळतात. त्यांना वाटतं, पाच जणांना पाच प्रती गेल्या. तसं नसतं. कागद एकच, तो उचलायची मुभा पाच जणांना. पाचही जणांचा शेरा हवा असेल, तर पाच वेगळी कामं मुद्दाम काढावी लागतात.

ज्याला काम घ्यायचंय त्याने 'क्लेम' दाबायचं. मग ते त्याच्या नावावर चढतं आणि मागाहून दुसरा क्लेम करायला गेला, तर प्रणाली नाही म्हणते. डब्ल्यूएस-ह्यूमनटास्क नावाचं २०१०चं एक मानक आहे. त्यात या अवस्थांना नावंच दिली आहेत : उचलायला मोकळं ते 'रेडी', उचललेलं ते 'रिझर्व्ह्ड', सुरू केलेलं ते 'इन प्रोग्रेस'. झेपत नसेल तर उचललेलं काम परत गटात ठेवताही येतं. आणि या मानकानुसार पात्र माणूस एकच असेल, तर काम वाट बघत बसत नाही, थेट त्याच्याच नावावर जातं.

तू म्हणशील, मग सगळंच नावानिशी का वाटत नाही? तेही करतात. कुणी पाळीपाळीने वाटतं, कुणी ज्याच्या टेबलावरचा ढीग लहान त्याला देतं. निक रसेल, विल व्हॅन डर आल्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली कामं आणि माणसं यांची सांगड घालायच्या ४३ रीती नोंदवून ठेवल्या. पण नावानिशी दिलेलं काम माणसाबरोबर रजेवर जातं. गटाला दिलेलं चालू राहतं. अट एवढीच, की कुणीतरी उचललं पाहिजे. नाहीतर ती बारभाईची शेती.

तू सांगितलेली एका अर्जाची गोष्ट मला इथेच आठवली. निराधार योजनेचा अर्ज. नुसता शाखेला मार्क झालेला, म्हणून कुणाच्याच कार्यविवरण नोंदवहीत चढला नाही आणि प्रलंबितांच्या यादीतही कधी आला नाही. आठ महिने कपाटात पडून होता. अर्ज करणारी म्हातारी दर सोमवारी दारात येऊन बसायची आणि प्रत्येक टेबल तिला पुढचं टेबल दाखवायचं. कुणी खोटं बोलत नव्हतं. कागद खरंच कुणाचा नव्हता. त्यानंतर तू स्वतःपुरता नियम केलास : शाखेचा कागद दोन दिवसांत कुणी घेतला नाही, की त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आपली आद्याक्षरं टाकायची.

गेल्या महिन्यात एका पतसंस्थेच्या कर्ज-अर्जांची वाट आखत होते. अर्ज छाननी गटाकडे जातो, तिथे मी एक टायमर बसवला. दोन दिवसांत कुणी क्लेम केलं नाही, तर काम गटप्रमुखाच्या नावावर चढतं. बैठकीत साहेबांनी विचारलं, "दोनच दिवस का? कुठल्या मानकात आहे?"

मी म्हटलं, "आमच्या घरचा नियम आहे."

तुझी भाची