व्हरांड्यातली खाट

प्रसूतिगृहात परिचारिका म्हणून माझ्या आयुष्याची तीस वर्षे गेली. हजारो बाळांचे पहिले रडणे ह्या कानांनी ऐकले. त्यांतील एकाचे मात्र अजून विसरता येत नाही.

ती गोष्ट २००४ सालची. जेमतेम एकवीस वर्षांची पहिलटकरीण होती. तिच्या रक्तात एचआयव्ही विषाणूची लागण आढळली होती. केसपेपरावर कोणीतरी तांबड्या शाईने खूण केली आणि तिची खाट व्हरांड्याच्या टोकाला हलविण्यात आली. ती हलविणारे हात माझेच होते. त्या काळच्या रीतीप्रमाणे कळा सुरू होताच तिला नेविरापीनची एक गोळी दिली, बाळालाही तेच औषध पाजले. औषधात आम्ही कसूर केली नाही. तिची आई मात्र पुन्हा पुन्हा विचारी, "माझ्या लेकीला वेगळं का ठेवलंय, बाई?" आम्ही गप्प राहिलो, परंतु त्या खाटेनेच साऱ्या वॉर्डाला उत्तर देऊन टाकले होते. तिसऱ्या दिवशी ती बाळाला पदराखाली घेऊन निघून गेली, ती पुन्हा फिरकली नाही. त्या बाळाचे पुढे काय झाले, हे मला आजतागायत ठाऊक नाही.

उपचारावाचून शंभरांपैकी पंधरा ते पंचेचाळीस बाळांना आईकडून ही लागण होऊ शकते. नेमाने औषध घेतल्यास ते प्रमाण पाचांच्याही खाली येते. म्हणून २०१४ पासून आपल्या देशात अशा प्रत्येक गर्भवतीला निदान होताच औषध सुरू करतात. सरकारी केंद्रांतून ते विनामूल्य मिळते व जन्मभर घ्यावयाचे असते. बाळालाही जन्मानंतर निदान सहा आठवडे औषध पाजावे लागते. अंगावर पाजावयाचे असल्यास पहिले सहा महिने केवळ आईचेच दूध द्यावे. त्यात वरचे दूध मिसळू नये. सहाव्या आठवड्यात बाळाची पहिली तपासणी होते आणि अखेरचा निर्वाळा अठराव्या महिन्यात मिळतो.

म्हणजे आईला दवाखान्याची पायरी अनेकदा चढावी लागते. जेथे अपमान झाला, ती पायरी कोण पुन्हा चढेल? २०१७ च्या कायद्याने असा भेदभाव निषिद्ध ठरविला आणि रुग्णाचे गुपित राखण्याचे बंधन घातले. पण कायदा वॉर्डात पोहोचवावयाचा, तो माणसांनीच.

निवृत्तीपूर्वी दोनएक वर्षे अशीच एक गर्भवती आली. तिची खाट मी इतर बाळंतिणींच्या रांगेतच ठेविली. हातमोजे तर आम्ही सर्वांसाठीच वापरतो. त्यासाठी कोणाला निराळे काढावे लागत नाही. ती प्रत्येक तपासणीला आली. अठराव्या महिन्यात मुलाच्या रक्तात लागण नसल्याचे निश्चित झाले, तेव्हा माझ्या हातावर पेढा ठेवीत ती म्हणाली, "सिस्टर, शेजारच्या खाटेवरच्या ताईंनी माझं बाळ मांडीवर घेतलं होतं, ते मी विसरले नाही."

मला मात्र त्या क्षणी व्हरांड्याच्या टोकाची ती खाट आठवली.